जेट स्की खडकावर आदळून तिच्या तळाला १० सेंटिमीटरची भेग पडली आहे आणि आतून ओल जाणवते. फायबर पुट्टी भरून वर जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर) मारला तर चालेल का, आणि किती टिकेल?

चालणार नाही. पुट्टीने भेग झाकली जाते, जोडली जात नाही. खडकावर आदळल्यानंतर आतून ओल जाणवते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे भेग आरपार आहे. गाडी लाटेवरून आपटते तेव्हा तळ दरवेळी किंचित आत दबतो. पुट्टीतले धागे तोकडे असतात, भेगेच्या दोन कडांना ते बांधून ठेवत नाहीत. मग पुट्टी कडेने सुटते आणि पाणी तळाच्या आत भरलेल्या फोममध्ये शिरतं. फोमने पाणी धरलं की गाडी जड होते आणि तो सहज सुकतही नाही.

दुरुस्तीचं मटेरियल निवडण्याआधी तळ कशाचा आहे ते बघा. बऱ्याच गाड्यांचा तळ हाताने थर लावून बनवलेला नसतो, तो एसएमसीचा (शीट मोल्डिंग कंपाउंड) असतो. रेझिन (सहसा पॉलिएस्टर), तोडलेले काचधागे आणि भुकटी यांचं मिश्रण गरम साच्यात दाबून तो तयार होतो. साच्यातून सुटावा म्हणून झिंक स्टिअरेटसारखा पदार्थ मिश्रणातच घातलेला असतो, आणि तो पूर्ण जाडीभर असतो. कितीही घासा, खालच्या पृष्ठभागातही तो आहेच. पॉलिएस्टर रेझिन अशा पृष्ठभागाला भरवशाने धरत नाही. म्हणून इथे इपॉक्सीच, म्हणजे हार्डनर मिसळून पक्कं होणारं दुसऱ्या जातीचं रेझिन.

‘पॉलिएस्टरवर पॉलिएस्टरच लावायचं, एकजीव होतं’ हे ठामपणे सांगणारे भरपूर भेटतात, आणि त्यांच्याशी माझा वाद जुना आहे. वर्षानुवर्षं पक्क्या झालेल्या रेझिनवर नवं रेझिन एकजीव होत नाही. तिथे खरखरीत पृष्ठभागाला चिकटण्याची ताकदच कामाला येते. त्यात इपॉक्सी सरस आहे आणि सुकताना आक्रसतंही कमी.

आता काम. आधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा आणि जागा पूर्ण सुकू द्या. पुसायचं आधी, घासायचं नंतर. उलट केलंत तर मेण आणि तेल ओरखड्यांत घुसतं. भेगेच्या आजूबाजूला नाण्याने टकटक करा. जिथे आवाज बद्द येतो तिथपर्यंत थर सुटलेले आहेत, तेवढं सगळं काढायचं. भेगेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर ती पुढे सरकत राहते.

मग उतार, म्हणजे भेगेभोवतीचा तळ कडेकडे पातळ होत जाईल असा तिरका घासायचा. जाडीच्या १२ पट, म्हणजे ३ मिलिमीटरच्या तळाला चहूबाजूंनी ३६ मिलिमीटर. ३६ किंवा ४० नंबरचा सँडपेपर वापरा. लोक इथेच कंटाळतात आणि बोटभर रुंदीत आटोपतात. पण ताकद या उतारावरच आहे, कारण जोड किती क्षेत्रफळावर पसरतो ते तोच ठरवतो. आतून हात पोचत असेल तर आधी आतल्या बाजूला दोन थर द्या, त्यांचाच आधार होतो.

काचधाग्यांचं कापड चौरस मीटरला ४०० ग्रॅमचं बायअॅक्सियल, म्हणजे दोन दिशांना सलग धागे असलेलं, घ्या. हाताने लावलेला एक थर साधारण अर्धा मिलिमीटर भरतो, म्हणजे सहा थर. नेहमीची चॉप्ड मॅट (तोडलेल्या धाग्यांची चटई) घेऊ नका. तिचे धागे धरून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो, इपॉक्सीत नाही. ती वळणावर बसत नाही आणि नीट भिजतही नाही. पहिला तुकडा सर्वांत मोठा, सुमारे १७ बाय ७ सेंटिमीटर, आणि पुढचा प्रत्येक तुकडा सगळ्या बाजूंनी ६ मिलिमीटरने लहान. काही जण लहान तुकडा आधी लावतात. तसं केलं की प्रत्येक थराची फक्त कडच जुन्या तळाला टेकते. मोठा तुकडा आधी लावला तर सलग धागे पूर्ण उतारावर बसतात.

रेझिन कापडाच्या वजनाइतकंच लागतं. सहा थरांना वाया जाणारं धरून ५० ग्रॅम मिसळलंत तरी पुरे. एकदम जास्त मिसळून डब्यात ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि हातातच गोठतं. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवू नका. इपॉक्सीचं प्रमाण ठरलेलं असतं, ते बिघडलं की रेझिन कायमचं मऊ राहतं.

सुकल्यावर वर मेणचट थर आला असेल तर साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, मगच कागद मारा. खोलगटपणा राहिला तर घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा आणि पट्टी ठेवून तपासा. पंपाच्या इनटेकजवळ (पाणी आत ओढायच्या तोंडाशी) उंचवटा राहिला तर पंप हवा ओढू शकतो. रंगाला इपॉक्सी प्रायमर आणि टू-के (दोन भाग मिसळून लावायचा) पॉलियुरेथेन रंग सोपा पडतो. जेलकोटच हवा असेल तर इपॉक्सी पूर्ण पक्कं झालेलं, धुतलेलं आणि घासलेलं पाहिजे. शेवटच्या हातात मेणाचं द्रावण मिसळा, नाहीतर वरचा थर चिकट राहतो.

टिकण्याचं म्हणाल तर उतार पुरेसा असेल तर हा जोड सहसा पुन्हा त्याच जागी फुटत नाही.

दोन अटी मात्र आहेत. भेग इंजिनच्या माउंटपर्यंत किंवा पंपाच्या बैठकीपर्यंत गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि पंप एका रेषेत आहेत का, हे तपासल्याशिवाय हात घालू नका. आणि गाडी सी-डू स्पार्क असेल तर वरचं काहीच लागू नाही. तिचा तळ पॉलिटेकचा, म्हणजे काचधागे घातलेल्या पॉलिप्रोपिलिनचा आहे. त्याला इपॉक्सी धरत नाही, तिथे प्लास्टिक वेल्डिंगच करावं लागतं.