बुडबुडे आहेत, पण पाणी थंडगार: मारियान्स्के लाझ्नेविषयी वाचकांचे प्रश्न

चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम टोकाला, डोंगर-जंगलात वसलेलं हे छोटं गाव. जर्मन नाव मारिएनबाड. गावात सुमारे ४० खनिज झरे आहेत, आसपासच्या रानात त्याहून जास्त. युरोपातली जी ११ आरोग्यस्नानाची गावं युनेस्कोने २०२१ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यांतलं हे एक. तिथे जायच्या तयारीत असलेल्या वाचकांचे चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: शेजारच्या कार्लोव्ही व्हारीत पाणी कढत असतं. मग इथलं थंड कसं? आणि थंड असून बुडबुडे कुठून येतात?

पाणी आणि वायू वेगवेगळ्या वाटांनी वर येतात, म्हणून. कार्लोव्ही व्हारीच्या मुख्य कारंज्याचं पाणी खूप खोलवरून झपाट्याने वर येतं, त्यामुळे बाहेर पडतानाही ते ७३ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. मारियान्स्के लाझ्नेत पाणी फार खोल जातच नाही, त्यामुळे ते विहिरीच्या पाण्याइतकंच गार राहतं. खोलवरून येतो तो कार्बन डायऑक्साइड. जमिनीतल्या भेगांमधून तो वर सरकतो आणि वाटेत भेटलेल्या पाण्यात मुरतो. वायू मुरला की पाणी आम्लधर्मी होतं आणि खडकातलं लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवून घेतं. लिटरमागे किमान एक ग्रॅम वायू असलेल्या अशा पाण्याला तिथे ‘किसेल्का’, म्हणजे आंबट पाणी, म्हणतात. प्रत्येक भेगेची वाट वेगळ्या खडकातून जाते, त्यामुळे चार पावलांवरच्या दोन झऱ्यांची चवही जुळत नाही.

प्रश्न: कोणत्या झऱ्याचं पाणी प्यावं? सगळ्यांचं थोडं थोडं प्यायलं तर चालेल का?

चव घ्यायला दोन-दोन घोट सगळ्यांचे घ्या. उपचार म्हणून प्यायचं असेल तर मात्र झरा, मात्रा आणि वेळ तिथल्या डॉक्टरांनीच ठरवायची असते. हे झरे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘क्रीझोवी’, म्हणजे क्रूसाचा झरा, सोडियम सल्फेटने भरलेला आहे. हा क्षार आतड्यातून रक्तात नीट शोषला जात नाही, उलट आतड्यात पाणी धरून ठेवतो आणि पोट साफ करतो. तो भरपेट पिऊन लगेच लांबच्या बसमध्ये चढू नका. ‘रुडॉल्फ’मध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त, मीठ कमी, मूत्रमार्गाच्या तक्रारींसाठी तो देतात. ‘अम्ब्रोझ’ लोहाचा. त्याचा घोट घेतला की जिभेवर लोखंडी खिळा ठेवल्यासारखं वाटतं.

पिण्याची पद्धत साधी आहे, पण ती पाळली पाहिजे. सकाळी अनशापोटी जायचं. कप चपटा, चिनी मातीचा असतो आणि त्याच्या पोकळ मुठीतूनच पाणी तोंडात येतं. हा आकार शोभेसाठी नाही. नळीतून घोट आपोआप लहान होतो, आणि लोहयुक्त पाणी दातांना कमी लागतं. नाहीतर दातांवर डाग धरतात. कप भरला की ओतीव लोखंडाच्या लांबलचक खांबदार पडवीत (ती १८८९ साली पुरी झाली) सावकाश फेऱ्या घालत प्यायचं. घटाघटा प्यायलं तर वायू पोटात एकदम सुटतो. ढेकरा येतात, पोट फुगतं. नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि न्याहारी अर्ध्या तासाने करा.

मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर असेल, किंवा मीठ वर्ज्य असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठी मात्रा घेऊ नका.

प्रश्न: घरी नेण्यासाठी बाटली भरली, तर दुसऱ्या दिवशी पाणी तपकिरी झालं. खराब झालं का?

सडलं नाही, पण ज्या पाण्यासाठी तुम्ही गेलात ते आता त्या बाटलीत उरलेलं नाही. झऱ्यातलं लोह विरघळलेल्या रूपात असतं, म्हणून ताजं पाणी काचेसारखं नितळ दिसतं. हवेतला ऑक्सिजन लागला आणि वायू निघून आम्लता उतरली की तेच लोह गंजाच्या बारीक कणांच्या रूपात खाली बसतं. झऱ्याच्या नळाखालच्या दगडावर जो केशरी-तांबूस पट्टा दिसतो, तो हाच. संध्याकाळपर्यंत प्यायचं असेल तर बाटली काठोकाठ भरा, वर हवा ठेवू नका, बूच घट्ट लावा, उन्हात ठेवू नका आणि हलवू नका. त्यापुढे साठवण्याच्या भानगडीत पडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: ‘कोरडं वायुस्नान’ म्हणजे काय? गुदमरायला होत नाही का?

जमिनीतून निघणारा हा जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड, ‘मारियाचा वायू’ या नावाने ओळखला जातो. माणसाला प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत घालतात, वरची कड घट्ट बांधतात आणि आत वायू सोडतात. तो कातडीतून आत शिरतो, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. कातडी गुलाबी होते आणि ऊब जाणवते. डोकं बाहेर असल्यामुळे श्वास मोकळ्या हवेचाच चालतो. कड सैल राहिली तर मात्र वायू तोंडाजवळ येऊ शकतो, म्हणून गरगरल्यासारखं वाटताच परिचारिकेला हाक मारा. पाण्यातल्या स्नानाला वेगळा नियम: अंगावर मोत्यांसारखे बुडबुडे धरतात, ते हालचालीने झडतात. टबात गप्प पडून राहायचं, अंग चोळायचं नाही.

गावाबाहेरच्या जंगलात ‘स्म्राद्योख’, म्हणजे घाणेरड्या वासाची जागा, नावाचा दलदलीचा भाग आहे. तिथे हाच वायू चिखलातून उसळताना दिसतो. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. चिखल उकळतोय असं वाटतं, पण तो गारच असतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे वारा पडला की खोलगट जागी साचतो. लाकडी वाटेवरूनच चाला, खड्ड्यात वाकून वास घेऊ नका, आणि लहान मुलांना आणि कुत्र्यांना जवळ धरा. त्यांचं नाक जमिनीला अधिक जवळ असतं.