‘मी ते बघितलेलं नाही’ म्हणायची भीती

“मॅडम, सगळे कुठल्या ना कुठल्या सिरीजबद्दल बोलत असतात आणि मी नुसता हसत उभा असतो, मला लोकांशी काय बोलायचं तेच कळत नाही.” हे वाक्य माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलंय की आता मी लगेच पुढचं विचारते, की नक्की कुठे होतं असं, कुणासमोर, आणि त्या दिवशी रात्री झोपताना काय चालू असतं डोक्यात. कॉलेजला नवीन आलेली मुलगी हे बोलते, मुलांना शाळेत सोडायला जाणारी आई बोलते (बाकीच्या आयांना कुठल्या हिरोइनचं काय चाललंय ते सगळं माहीत असतं आणि हिला काहीच नाही), ग्रुपवरचे मीम न कळता हसायचा इमोजी टाकणारे रिटायर्ड काकापण बोलतात. आज ज्याच्याबद्दल लिहितेय तो तिशीतला, नुकतीच नोकरी बदललेला, कामात एकदम पक्का. त्याच्या परवानगीनं लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मीटिंगमध्ये त्याला काही प्रॉब्लेम नव्हता. दहा लोकांसमोर प्रेझेंटेशन द्यायचा, प्रश्नांना उत्तरं द्यायचा. घाम फुटायचा तो मीटिंग सुरू व्हायच्या आधीच्या पाच मिनिटांत, जेव्हा सगळे बसलेले असतात, कुणीतरी अजून यायचं असतं आणि कोणीतरी म्हणतं, “काल रात्री शेवटचे तीन एपिसोड संपवले, काय एंडिंग आहे यार!” मग टेबलावर एकच गलका. टीम वयानं लहान, सगळ्यांचं बघणं-ऐकणं सारखं, आणि हा नवीन.

त्यानं यावर उपाय शोधला होता. रात्री घरी गेल्यावर त्या सिरीजचे रिकॅप व्हिडिओ दीडपट स्पीडनं बघायचा, लोकांच्या कमेंट वाचायचा आणि फोनमध्ये नोट करून ठेवायचा. ती नोट त्यानं मला दाखवली. कॅरेक्टरची नावं, कोण कुणाचा भाऊ, ट्विस्ट कुठे आहे, लोकांना कोण आवडतं, कोणावर चिडलेत, सगळं व्यवस्थित मांडलेलं. ती वाचताना मला गलबलून आलं, कारण एवढी मेहनत माणूस परीक्षेसाठी करतो आणि इथे तो ती चार लोकांनी आपल्याला आपलं म्हणावं म्हणून करत होता, आणि झोपेचे दोन-दोन तास त्यात जात होते.

मग एक दिवस ते फसलं. एका फॅननं मांडलेली थिअरी त्यानं खरं एंडिंग समजून वाचली होती आणि टेबलावर मोठ्या उत्साहानं म्हणाला की तो शेवटचा सीन काय जबरदस्त होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण म्हणाला, “हे कधी झालं?” यानं हसून सावरलं, कुठलीतरी दुसरी सिरीज असेल म्हणाला, विषय बदलला. पण त्यानंतर लिफ्ट सोडून जिन्यानं जायला लागला. ब्रेकमध्ये कानात हेडफोन, आणि हेडफोनमध्ये काहीच चालू नाही. कोणी समोरून आलं की फोन कानाला. माझ्याकडे आला तेव्हा त्याचं म्हणणं होतं की मी बोअरिंग माणूस आहे हे सगळ्यांना कळलंय आणि आता नोकरी बदलावी का.

मी विचारलं, त्या दिवशी टेबलावर बाकी कोण काय बोललं? बराच वेळ विचार केला त्यानं. आठवेना. स्वतःचं वाक्य शब्द न शब्द आठवत होतं, आवाज कसा निघाला ते आठवत होतं, कान कसे गरम झाले ते आठवत होतं, पण समोर बसलेल्या पाच जणांपैकी एकाचंही दुसरं काही वाक्य नाही. इथेच सगळं आहे असं मला वाटतं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीचं जे मॉडेल मांडलं ते आजही आम्ही रोज वापरतो, आणि त्यातली एक मोठी गोष्ट हीच, की भीती वाटली की माणसाचं लक्ष समोरच्यावरून निघून स्वतःवर जातं, मी कसा दिसतोय, मी काय बोललो, हात थरथरला का. मग समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही, ऐकू आलं नाही म्हणून पुढचा प्रश्न सुचत नाही, सुचला नाही की माणूस गप्प बसतो आणि गप्प बसला की त्याला वाटतं बघा, मला बोलताच येत नाही! दुसरी गोष्ट म्हणजे बचावाचे उपाय. नोट काढणं, बघितल्यासारखं दाखवणं, हेडफोन लावणं. त्या क्षणी यांनी जीव वाचल्यासारखा वाटतो, पण ‘नाही बघितलं’ असं म्हटलं तर नक्की काय होतं हे कधी तपासलंच जात नाही, त्यामुळे भीती जिथल्या तिथे राहते, उलट वाढते. आणि तिसरी गोष्ट रात्रीची, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा चालवून बघणं, दर वेळी थोडा आणखी वाईट करून.

त्याला मी कॉर्नेल युनिव्हर्सिटीतला २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला, थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाच्या फोटोचा टी-शर्ट घालायला लावला, जो त्या वयाच्या मुलांना घालायची लाज वाटेल असा, आणि इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं की साधारण निम्म्या लोकांनी टी-शर्टवर कोण आहे ते ओळखलं असेल, प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी ओळखलं होतं. तो लगेच म्हणाला, “पण मॅडम टी-शर्ट वेगळा, मी तर सगळ्यांसमोर बोललो होतो आणि एकानं विचारलंही.” मुद्दा बरोबर होता. आणि मला असे वाद घालणारे लोक फार आवडतात कारण त्यांना नुसतं बरं वाटावं म्हणून काही सांगून चालत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की तपासायचं. टीममधली एक मुलगी त्याला त्यातल्या त्यात जवळची वाटायची, तिला सहज विचारायचं, तो त्या एंडिंगवरून गोंधळ झालेला दिवस आठवतो का?

तिला आठवत होता. पण वेगळ्या कारणासाठी! त्या दिवशी तिच्याच तोंडून एक मोठा स्पॉयलर निघून गेला होता, दोघं तिच्यावर चिडले होते आणि ती आठवडाभर विचार करत होती की आपण कायम नको तिथे तोंड उघडतो. याचं वाक्य तिच्या गावीही नव्हतं. हे सांगताना तो मधेच थांबला आणि म्हणाला, “ती पण घरी जाऊन हाच विचार करत होती.” हो. एरिका बूथबी, गस कुनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये असंच दाखवलंय, दोन अनोळखी माणसं बोलली की दोघांनाही वाटतं समोरच्याला आपण विशेष आवडलो नाही, आणि दोघांचाही अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमीच निघतो. हॉस्टेलमध्ये एकत्र राहणाऱ्या मुलांमध्येसुद्धा ही तफावत कित्येक महिने टिकून होती.

मग होमवर्क. खोटं हसायचं नाही, ‘मी ते बघितलेलं नाही’ असं सरळ म्हणायचं आणि त्याला जोडून एक प्रश्न विचारायचा. प्रश्न मात्र जपून. ‘कशी आहे सिरीज?’ विचारलं तर उत्तर येतं ‘मस्त’ आणि संपलं. ज्याचं उत्तर फक्त तो समोरचा माणूसच देऊ शकेल असं काहीतरी विचारायचं, तुला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला, मध्येच सोडावीशी वाटली का, कुणाबरोबर बघितलीस. कारण सिरीजची माहिती इंटरनेटवर आहेच, त्या माणसाला ती कशी वाटली ते कुठेच लिहिलेलं नसतं.

पहिला प्रयत्न साफ फसला. हा म्हणाला मी नाही बघितली, समोरचा म्हणाला अरे बघ मग, आणि वळून दुसऱ्याशी बोलायला लागला. पुढच्या सेशनला हा जवळजवळ विजयी मुद्रेनं आला की बघा मी सांगत होतो. मी म्हटलं, होतं असं, कधीकधी समोरच्याला बोलायचंच नसतं, पण तुम्ही ‘नाही बघितली’ म्हणालात तेव्हा कोणी हसलं का? नाही. कोणी परत विचारलं का, तोंड वाकडं केलं का? नाही. मग निदान ती एक गोष्ट तरी खोडली गेली. पुढच्या वेळी तोच प्रश्न लिफ्टमध्ये दुसऱ्या डिपार्टमेंटच्या एका माणसाला विचारला आणि तो माणूस मजला आला तरी दार धरून उभा राहून बोलत होता, सिरीजमधला बाप त्याला अगदी स्वतःच्या वडिलांसारखा वाटला म्हणून.

इथे मला जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण बरेच लोक म्हणतात की हे सिरीज-पिक्चर-सेलिब्रिटींवरचं बोलणं म्हणजे नुसता टाइमपास, त्यात न पडलेलंच बरं. मला ते पटत नाही. ओळखीचं पण जवळचं नसलेलं माणूस आपल्याला सरळ सांगणार नाही की माझं घरी पटत नाहीये. पण ‘तिनं त्याला दुसऱ्या एपिसोडमध्येच सोडायला हवं होतं’ हे अगदी तावातावानं सांगेल. हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहिलं होतं की पडद्यावरच्या माणसांशी आपलं एकतर्फी नातं तयार होतं, खऱ्या ओळखीसारखं. म्हणून तर लोक कॅरेक्टरबद्दल शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलतात, आणि बोलता बोलता स्वतःबद्दल बरंच सांगून जातात. ऐकणारा नोट्स आठवत बसला असेल तर हे सगळं हातातून निसटतं. शिवाय पूर्वी ठरलेल्या वेळी एकच एपिसोड सगळे बघायचे, आता ज्याचा त्याचा स्क्रीन वेगळा, त्यामुळे सगळं बघितलेला माणूस त्या टेबलावर कोणीच नसतो.

मी त्याला विचारलं की सक्ती नसेल तर तुम्ही काय बघता? लाजला. म्हणाला बघत नाही, ऐकतो. त्याला बॅकग्राउंड म्युझिकचं वेड होतं, कुठल्या सीनला काय वाजतंय, कुठे मुद्दाम सगळं शांत केलंय. हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं, विचित्र वाटेल म्हणून. काही आठवड्यांनी टेबलावर एका हॉरर ट्रेलरची चर्चा चालू होती, हा म्हणाला मी सिरीज बघणार नाही, मला झोप लागत नाही, पण हा ट्रेलर म्यूट करून बघा, अर्धी भीती जाते की नाही. सगळ्यांनी एका फोनवर डोकी घालून बघितला. मग आवाज चालू करून परत बघितला, आणि यानं दाखवलं की दचकवायच्या आधी आवाज कसा पूर्ण काढून घेतलाय आणि त्याच्याही आधी तो खालच्या पट्टीतला सलग घुमणारा आवाज कसा वाजत राहतो. त्यावर बराच वेळ बोलले ते.

रात्रीच्या रिप्लेसाठी आम्ही एवढंच केलं, झोपायच्या आधी त्या दिवशी समोरचे लोक काय बोलले त्यातल्या तीन गोष्टी लिहायच्या. स्वतःचं एकही वाक्य नाही. सुरुवातीला एकसुद्धा आठवायची नाही, म्हणजे दुसऱ्या दिवशी लक्ष देऊन ऐकणं भाग पडायचं. जुन्या नोटचं काय करायचं ते मी त्याच्यावर सोडलं.

ज्यांना हे वाचून आपलंच वाटतंय त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट सांगते. थोडा संकोच, नवीन ग्रुपमध्ये बुजणं हे बहुतेकांना होतं आणि ते वरच्यासारख्या छोट्या प्रयोगांनी हलतं. पण लोकांसमोर बोलायची, खायची, सही करायचीसुद्धा भीती वाटत असेल, छाती धडधडते, मळमळतं, त्यासाठी कॉलेज किंवा काम चुकवलं जातंय आणि हे सहा महिने किंवा जास्त चाललंय, तर ती सोशल अँग्झायटी असू शकते आणि तिच्यावर सीबीटी नावाची उपचारपद्धत (बोलण्यातून आणि सरावातून विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारी) चांगली लागू पडते, गरज असेल तर सायकियाट्रिस्ट औषधही देतात. ‘दोन पेग घेतले की बोलता येतं’ हा मार्ग धरला असेल तर आणखी लवकर भेटा, कारण मग दोन प्रॉब्लेम सोडवावे लागतात.

तो अजून त्याच नोकरीत आहे. मोठ्या घोळक्यात आजही कमीच बोलतो, दोघा-तिघांत खुलतो. त्याला ते तसंच आवडतं, म्हणून ते बदलायला आम्ही घेतलं नाही.