आजेसासऱ्यांची अमेरिकी लष्करातली फाइल १९७३ च्या आगीत गेली असं पत्र आलंय. शोध इथेच संपला का?

नाही. ‘जळालं, विसरा’ म्हणणाऱ्यांनी ते पत्र नीट वाचलेलं नसतं.

१२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमध्ये आग लागली. नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात आर्मीतून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के सेवा-फायली गेल्या. पगाराचे कागद वेगळे होते. तिथेच पुन्हा अर्ज करा आणि ‘फायनल पे व्हाउचर’ असं नाव घेऊन मागा. सर्व्हिस नंबर, घरचा पत्ता, कधी नि कुठून सुटले, एवढं त्यावर मिळतं.

दुसरं ठिकाण काउंटी (तिकडचा जिल्हा) कोर्टहाउस. परतलेले बरेच जण डिस्चार्जचा (लष्करातून सुटल्याचा) कागद तिथे नोंदवून ठेवत. जन्मगावच्या नव्हे, दुसऱ्या महायुद्धानंतर ते जिथे राहिले त्या काउंटीत विचारा.

तो कागद (१९४५ चा असेल तर बहुधा डब्ल्यूडी एजीओ फॉर्म ५३-५५) मिळाला की खरी फसगत सुरू होते. रकाना ६ मध्ये तुकडी असते आणि घरचे तीच धरून बसतात. अमुक डिव्हिजन, म्हणजे तिची प्रत्येक लढाई आजोबांनी मारली! अहो, मे १९४५ मध्ये युरोपातलं युद्ध संपल्यावर पॉइंट मोजून माणसं घरी सोडली. सेवेच्या महिन्याला १, परदेशातल्या महिन्याला आणखी १, मोहीम किंवा पदक ५, मूल १२ (तीन मुलांपर्यंतच). ८५ भरले की परतणाऱ्या तुकडीत बदली. त्यामुळे रकाना ६ म्हणजे पुष्कळदा फक्त घरी येताना सोबत असलेली तुकडी. आधी ३६ (परदेशी जाण्या-येण्याच्या तारखा) आणि ३२ (मोहिमा) वाचा, मगच ६.

मूळ तुकडी मॉर्निंग रिपोर्टवरून पक्की होते. हा कंपनीचा (म्हणजे रेजिमेंटमधल्या छोट्या तुकडीचा, नाव ए, बी असं अक्षराचं) रोजचा कागद, पण त्यात फक्त बदल असतात: नवा आला, इस्पितळात गेला, बढती, बेपत्ता. नुसती रेजिमेंट सांगून भागत नाही, कंपनीचं अक्षर लागतं. इस्पितळाची तारीख माहीत असेल तर तिथूनच सुरुवात करा.

नॅशनल आर्काइव्ह्जच्या ऑनलाइन भरती-यादीत नाव नाही म्हणून घाबरू नका. ती जुन्या पंचकार्डांच्या मायक्रोफिल्मवरून यंत्राने वाचून केलेली आहे, अक्षरं चुकलेली आहेत. सर्व्हिस नंबराने शोधा. नंबर ३ ने सुरू होत असेल तर सक्तीची भरती, १ ने असेल तर स्वखुशीची. ‘आजोबा स्वतःहून गेले’ हा दरवर्षीचा जेवणाच्या टेबलावरचा वाद तिथेच मिटतो. आणि ड्राफ्ट कार्ड म्हणजे सेवेचा पुरावा, असं कृपया कुणी सांगू नका. ते सक्तीच्या भरतीसाठीच्या नोंदणीचं कार्ड आहे, लाखो नोंदवलेले कधी बराकीत गेलेच नाहीत.

हो, हे सगळं आर्मीचं. नेव्ही नि मरीनच्या फायली त्या आगीत नव्हत्या. आणि सुटून ६२ वर्षं झाली असतील तर नातं सिद्ध करावं लागत नाही, कुणीही मागू शकतं.