गुहागरची खोली, क्लबची मेंबरशिप आणि आईंची एफडी

चिंचवडच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४१, हातात पगार ९२ हजार, मुलगा नववीत. गेली तीन वर्षं पाऊस सरला की गुहागरला जातात, घरगुती निवासात चार रात्री, मागच्या वेळी खोली २,२०० ला पडली. आता कुठल्याशा हॉटेलात फुकट जेवायला बोलावून त्यांच्या गळ्यात हॉलिडे क्लबची २५ वर्षांची मेंबरशिप मारायचं चाललंय. वर्षाला सात रात्री, रोख ४.३ लाख, 'नो कॉस्ट' ईएमआयवर ४.८ लाख, वर दरवर्षी मेंटेनन्स १८ हजार. प्रश्न एवढाच की रोख भरू का ईएमआय घेऊ? "रोखीसाठी आईची ५ लाखांची एफडी आहे, जॉइंट नाव माझंच, ती नाही म्हणणार नाही."

दोन्ही नको. नो कॉस्टचे ५० हजार जास्त कशाचे, हे त्या सेल्समनला विचारलंत का? रोख भरलेत तरी ४.३ लाखांवर ७ टक्क्यांनी जाणारं व्याज ३० हजार, त्यात १८ हजार, म्हणजे वर्षाला ४८ हजार, रात्रीला जवळपास ७ हजार. तुमच्या गुहागरच्या चार रात्रींचे झाले ८,८००, म्हणजे नुसत्या मेंटेनन्समध्ये दोन ट्रिप होतात! शिवाय शाळेमुळे तुम्ही जाणार दिवाळीच्या सुट्टीत, जेव्हा अर्धं पुणे कोकणात उतरलेलं असतं, तेव्हाचं बुकिंग तुमच्या प्लॅनमध्ये बसतं का आणि मुळात क्लबचं रिसॉर्ट गुहागरला आहे का ते बघा. पुढच्या वर्षी दहावी आहे, ते वेगळंच. टोकन दिलं असेल तर करारात रद्द करायची मुदत किती दिवसांची आहे ते आजच वाचा आणि लेखी कळवा.

हे झालं. मला खरी धडकी भरली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्याने. आई ७१ वर्षांच्या, कंपनीच्या मेडिक्लेममध्ये फक्त बायको आणि मुलगा, आईंचे गुडघे दुखतात म्हणून ट्रिपला त्या घरीच थांबतात. अहो, मग ती एफडी म्हणजेच त्यांचा मेडिक्लेम आहे! जॉइंट नाव म्हणजे तुमची सही चालते, पैसे तुमचे होत नाहीत, आणि 'नाही म्हणणार नाही' हे तर न मागण्याचंच कारण आहे. उद्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर काय, समुद्रकिनाऱ्याचं कूपन दाखवणार हॉस्पिटलात?

या आठवड्यात आईंचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ७० च्या पुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर, प्रीमियम शून्य, आधार लागतं. मात्र जवळचं कोणतं हॉस्पिटल त्यात आहे आणि गुडघ्याचं ऑपरेशन तिथे बसतं का, हे आधी विचारा. खाजगी पॉलिसीही आता वय जास्त म्हणून बंद नाही, पण प्रीमियम दणदणीत येईल आणि जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, त्यामुळे गुडघे दुखतात हे फॉर्मवर लपवू नका, एजंट म्हणाला तरी.

एफडीतले २ लाख तसेच ठेवा, हॉस्पिटलसाठी. एफडीची मुदत संपली की उरलेले ३ लाख पोस्टातल्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये, सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६,१५० येतात. ते आईंच्या एकटीच्या खात्यात जाऊ देत, त्यांनी ते कशावरही खर्च केले तरी हिशोब विचारायचा नाही.

ट्रिप कराच. तुमच्या पगारातून महिन्याला २ हजार बाजूला टाकलेत तर वर्षाला २४ हजार, खोली, पेट्रोल आणि दोन वेळचं सुरमईचं ताट सगळं त्यात निघेल. दिवाळीची गर्दी टाळून शनिवार-रविवारला एखादी सुट्टी जोडून आलेली बघा. आणि बुकिंगला फोन कराल तेव्हा यंदा तळमजल्यावरची, कमोडवाली खोली मागा, आई पण येतील.