माल आधी, गाडी मागाहून

चि. …, अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. कुपवाड एमआयडीसीतलं कंत्राटी काम सोडायचं, अक्षय्य तृतीयेला पिकअप दारात उभी करायची आणि स्वतःच चालवायची, इथपर्यंत तुझं ठरलेलं दिसतंय. मला विचारलंस ते एवढंच, की कोणती गाडी घेऊ? ते सांगतो, पण शेवटी. आधी तू मला सांग, गाडी आली की पहिल्या सोमवारी तिच्यात काय भरणार? कुणाचा माल? न्यायचा कुठं? आणि तिकडून येताना काय आणणार?

"तासगावला द्राक्षं आहेत, सांगलीला हळद आहे, भाडं मिळेलच" हे उत्तर मला चालणार नाही. द्राक्षं आहेत तशा गाड्याही आहेत. वसंतदादा मार्केट यार्डाच्या बाहेर सकाळी थांबून बघ, तुझ्यासारखेच हप्तेवाले चहा पीत भाड्याची वाट बघत असतात. त्यांच्या मागं अजून एक गाडी लावायची असेल तर पैसे बँकेत ठेवलेले बरे. नोकरी सोडू नकोस आत्ताच. सुट्टीच्या दिवशी फिर. हळदीचा अडत्या, तासगाव-कवठेमहांकाळकडची बेदाण्याची शीतगृहं, खताचे दुकानदार, फर्निचरवाले, कुपवाडातलेच छोटे कारखाने, सगळीकडे जा. भाड्याचा दर विचारू नकोस, तो तुला कुणी खरा सांगणार नाही. गाडीवाल्यांचा काय त्रास होतो ते विचार. हे मात्र माणसं तास तास सांगतात. एकाची गाडी वेळेवर येत नाही, दुसऱ्याचा ड्रायव्हर फोन उचलत नाही, तिसऱ्याचे पुढं तीन बॉक्स कमी भरतात. त्यातलं जे तुला निभावता येईल, तो तुझा धंदा. अशी पाच नावं वहीत झाली की गाडीचं बोलू.

आता अक्षय्य तृतीयेचं. मुहूर्त चांगला असेल, हंगाम वाईट आहे. आपल्याकडची द्राक्षं साधारण जानेवारी ते एप्रिल, त्याच्या मागोमाग बेदाणा. तू गाडी आणशील तेव्हा शेड आवरलेले असतील. पुढं पाऊस. बांधकाम थंड, रस्ते खराब, आणि नदीकाठच्या गावाला आणखी एक घोर. आयर्विन पुलाची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शहरात पाणी होतंच, कोल्हापूरजवळ महामार्गही कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी माल थांबतो, हप्त्याची तारीख थांबत नाही. दसऱ्याला घे. दिवाळीचा माल सापडेल, हात बसेल, आणि द्राक्षं सुरू होईपर्यंत गाडीची खोड कळलेली असेल. तोपर्यंत तीन हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात टाक आणि तिला हात लावू नकोस.

हिशेब नीट बघ, कारण शोरूमवाला फक्त अॅव्हरेज सांगतो. समज, ८ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, साडेदहा टक्के. हप्ता येतो १७,२०० च्या आसपास. विमा, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आणि किरकोळ कागदांसाठी महिन्याला २,८०० बाजूला काढ. झाले २०,०००. महिन्याला २,५०० किलोमीटर गाडी पळाली तर किलोमीटरला ८ रुपये इथंच गेले, चाक फिरायच्या आधी. डिझेल ९० रुपये धर, भरल्या गाडीचा अॅव्हरेज १३, म्हणजे ७ रुपये. टायर, ऑइल, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), ब्रेक मिळून २ रुपये. एकूण १७. सांगलीहून पेठ नाक्यावरून कराड, सातारा करत पुणं साधारण २३५ किलोमीटर, जाऊन-येऊन ४७०. येताना रिकामा आलास तर ही फेरी जवळजवळ ८,००० रुपयांना पडते. तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर हे टोल वेगळे, जाताना आणि येतानाही. आणि यात तुझी मजुरी एक रुपयाही नाही. स्टँडवर कुणी "साडेसात हजारात पुणं मारतो" म्हणाला की तो डिझेल वजा करून उरलेल्याला नफा म्हणतोय असं समज. हे आकडे तुझ्या गाडीचे नाहीत, तुझे घालून पुन्हा मांड. ड्रायव्हरचा पगारही त्यात धर, ड्रायव्हर तूच असलास तरी.

म्हणून सगळा खेळ परतीच्या भाड्याचा आहे. पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात पहाटे द्राक्षं उतरवलीस की आठ वाजता तू मोकळा, डोळ्यांवर झोप आणि हौदा रिकामा. त्या क्षणी जो भेटेल तो तुझा भाव पाडणार, आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही, गरज तुझी आहे. परतीचा माल सांगली सोडायच्या आधी ठरलेला पाहिजे. सांगली-मिरजेतले हार्डवेअर, इलेक्ट्रिकल आणि गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकानदार पुण्याहून माल मागवतात. त्यातले दोन-तीन धरून ठेव. त्यांना दर आठवड्याला ठरल्या वारी येणारा माणूस हवा असतो, स्वस्तातला नव्हे. शिरवळच्या एमआयडीसीतही विचारून ठेव, वाटेवरच आहे. दलालाकडून घ्यावं लागलं तर परतीचं भाडं निदान डिझेल आणि टोल भागवणारं हवं. त्याच्या खाली कुणी बोलला तर दुपारपर्यंत थांब, मग सरळ रिकामा नीघ. चांगल्या भाड्याच्या आशेनं तिथं मुक्काम करणारे दुसऱ्या दिवशीचं सांगलीचं भाडंही घालवतात.

कागदांचं थोडक्यात. गाडीचं मालासह एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर तुझं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ते स्पष्ट केलंय. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा परमिट लागत नाही. छोटा हत्ती (टाटा एस) त्यात आरामात बसतो, मोठी पिकअप बसत नाही. पासिंग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. ई-वे बिल, म्हणजे माल नेताना जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद, राज्याच्या आत १ लाखाच्या वरच्या मालाला लागतं, आणि दीड टन बेदाणा त्याच्या सहज पलीकडे जातो. बिल करायचं काम व्यापाऱ्याचं, पण रस्त्यात अडकते ती तुझी गाडी, म्हणून तुझाच गाडी नंबर त्यावर चढलाय का ते निघायच्या आधी बघ. मुदत २०० किलोमीटरला एक दिवस असते. आणि गाडीचा विमा म्हणजे मालाचा विमा नव्हे. माल भिजला तर गाडीच्या पॉलिसीतून छदाम मिळत नाही. मालाचा विमा व्यापाऱ्याचा आहे की तुला काढायचाय, हे भाडं ठरवतानाच बोल. ताडपत्री चांगली घे, तिथं काटकसर नको.

एक गोष्ट तुला जड जाईल. गावात पिकअप आली की ती सगळ्या भावकीची होते. जत्रा आहे, वऱ्हाड न्यायचंय, दहा-बारा माणसं तर आहेत, मागं बसतील. नाही म्हण. मालाच्या गाडीत माणसं बसवणं बेकायदा आहे, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. वर कोर्टाच्या पायऱ्या. पहिल्या वर्षी दोन-चार नातेवाईक रुसतील. रुसू देत. ओव्हरलोडचंही तसंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे. दंड एकवेळ चुकेलही, पण खंबाटकी घाटाचा उतार लागला की जादा माल ब्रेकला ऐकत नाही. १५ किलोच्या १०० पेट्या म्हणजे दीड टन. व्यापारी "अजून वीस बसतील" म्हणतो तेव्हा त्याला जागा दिसत असते, तुला वजन दिसलं पाहिजे.

वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, कुणी द्यायची हे भरतानाच ठरव. वाहतूकदार संघटना "ज्याचा माल त्याचा हमाल" असं कितीही म्हणोत, उतरवायच्या ठिकाणी हमाल हात पुढं करतात तो ड्रायव्हरपुढंच. फोनवर ठरलं असेल तर लगेच मेसेजमध्ये लिहून टाक. पोचपावतीवर सही-शिक्का घेतल्याशिवाय गाडी हलवू नकोस, उधारी वसूल करताना तोच कागद बोलतो. नव्या माणसाकडून निदान डिझेलपुरती उचल घ्यायची. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून ठेव. नोंदणी असलेल्या छोट्या धंद्याचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं असा कायदा आहे, आणि थकवलं तर आता व्यापाऱ्याला आयकरातही चटका बसतो. भांडायला नको, त्याच्या अकाउंटंटला नुसती आठवण करून दे. कंपनीचं भाडं मारलंस तर पॅन आणि दहापेक्षा जास्त गाड्या नसल्याचं लेखी दे, म्हणजे टीडीएस कापत नाहीत.

आता गाडी. तुझी पाच नावं सांगली-मिरज-कुपवाडातच फिरत असतील तर छोटा हत्ती पुरे, गल्लीत शिरतो आणि हप्ताही कमी बसतो. पुणं-वाशी असेल तर पिकअप. त्यातही मला विचारशील तर पहिली गाडी जुनीच घे, चार-पाच वर्षांची. कर्ज कमी, आणि पहिल्या वर्षी जे ओरखडे पडायचे ते जुन्या पत्र्यावर पडू देत. रंगावर जाऊ नकोस. चेसिसला वेल्डिंग आहे का, पाटे बसलेत का, चारही टायर सारखे झिजलेत का, एवढं स्वतः बघ. बाकी मिस्त्री बघेल, त्याला शनिवारी दुपारी सोबत ने. ई-चलनं थकलीत का ते नंबर टाकून मोबाईलवर तपास. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी हातात पडेपर्यंत इसार देऊ नकोस, मालक कितीही ओळखीचा असो.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
काका