ऑल-सीझन टायरवर माँट्रियलचा हिवाळा?

प्रश्न: दादा, ऑगस्टमध्ये नाशिकहून माँट्रियलला आलोय, सेकंडहँड कोरोला घेतली. टायर ऑल-सीझन आहेत, विकणारा म्हणाला वर्षभर चालतील. खरंच? की पुढचे दोनच बदलू?

उत्तर: भावा, विकणारा काय, काहीही म्हणेल! क्युबेकमध्ये, म्हणजे माँट्रियलच्या प्रांतात, १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लागतात, टायरच्या कडेवर डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र हवं, नुसतं एम प्लस एस (चिखल-बर्फाची खूण) असून भागत नाही. साधारण ७ अंशांखाली ऑल-सीझनचं रबर कडक व्हायला लागतं, मग आपण ब्रेक दाबून बसतो आणि गाडी आपली जातेच. आणि दोन नको, चारही घे, पुढे पकड अन् मागे नाही म्हटल्यावर वळणावर गाडीचं बूड फिरतं. जुने घेणार असशील तर पंचवीस सेंटचं नाणं, त्यावरच्या कॅरिबूचं (मोठं शिंगवालं हरीण) नाक खाली करून खाचेत घाल, रबर नाकापर्यंत पोचत नसेल तर सोडून दे. टायर कधी बनला ते कळायला त्याच्या कडेवरच्या डॉट कोडचे (DOT) शेवटचे चार आकडेही बघ, ३५१९ म्हणजे २०१९चा ३५वा आठवडा. कोरोलाचं टेन्शन नको, बॅटरी तेवढी आत्ताच चेक करून घे, थंडीत पहिली तीच मान टाकते.