काळी तार म्हणजे न्यूट्रलच, असे नाही

घरातील वीज : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी एका कारखान्याच्या देखभाल विभागातून निवृत्त झालो असून घरातले वायरिंगचे किरकोळ काम आजवर स्वतःच करत आलो आहे. मुलाने अमेरिकेत न्यू जर्सी येथे जुने घर घेतले आहे. तिथे भिंतीच्या कडेने, जमिनीलगत बसवलेले लांबट विजेचे हीटर आहेत. त्यांना बेसबोर्ड हीटर म्हणतात. हॉलमध्ये २००० वॉटचा आणि एका खोलीत १५०० वॉटचा, असे दोन हीटर २० अँपिअरच्या एकाच सर्किटवर आहेत. त्याच सर्किटवर आणखी एका खोलीसाठी १००० वॉटचा तिसरा हीटर घ्यावा, असा मुलाचा विचार आहे. तिथले कारागीर फार पैसे मागतात. मी ऑक्टोबरात तिकडे जाणार आहे. व्होल्टेज २४० म्हणजे आपल्यासारखेच आहे, तेव्हा हे काम मी करावे का?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : आपल्या पत्रातील ‘आपल्यासारखेच’ या एका शब्दासाठी हे उत्तर लांबवावे लागत आहे. आपल्याकडे घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक फेज आणि दुसरी न्यूट्रल असते. २३० व्होल्टचा दाब फेजवर असतो आणि न्यूट्रल जवळजवळ शून्यावर असते. अमेरिकेत घराला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचा मधला बिंदू जमिनीला जोडून तो न्यूट्रल म्हणून घेतात आणि गुंडाळीच्या दोन टोकांवरून दोन जिवंत तारा घरात आणतात. यांतली प्रत्येक तार जमिनीच्या तुलनेत १२० व्होल्टवर असते आणि त्या दोघींमध्ये २४० व्होल्ट मिळतात. दिवे, टीव्ही, मिक्सर १२० वर चालतात. बेसबोर्ड हीटर बहुधा २४० चा असतो, म्हणजे त्याला न्यूट्रल लागतच नाही आणि त्याच्याकडे जाणाऱ्या दोन्ही तारा जिवंत असतात.

यात आपल्यासारख्या अनुभवी माणसाच्या हाताची सवयच त्याला दगा देऊ शकते. आपण जन्मभर लाल, पिवळी किंवा निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थची, या हिशेबाने काम केले असेल. तिकडे काळी तार जिवंत असते, पांढरी न्यूट्रलची असते आणि अर्थची तार हिरवी किंवा सरळ उघडी तांब्याची असते. त्यातही हीटरच्या केबलमध्ये काळी आणि पांढरी अशा दोनच तारा असतील, तर ती पांढरी तारही जिवंतच असते. तिच्या टोकाला काळी किंवा लाल टेप गुंडाळून तशी खूण करावी, असा नियम आहे, परंतु जुन्या घरात ती टेप कधीच गळून पडलेली असण्याची शक्यता धरून चालावे. काळी म्हणजे न्यूट्रल, तिला बोट लागले तरी काय होणार, असे जे आपल्या बोटांना वाटते, ते तिकडे जिवावर बेतू शकते. (इकडेही काळ्या तारेवर इतका विश्वास टाकू नये. त्याविषयी गिरगावच्या वाचकांच्या प्रश्नात पुढे लिहिलेच आहे.)

दुसरी अडचण थर्मोस्टॅटची, म्हणजे खोलीच्या तापमानानुसार हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचची आहे. भिंतीवरचा थर्मोस्टॅट दोन प्रकारचा मिळतो. दोन तारांचा थर्मोस्टॅट एकच जिवंत तार तोडतो; खोली उबदार झाली, हीटर गार पडला, तरी दुसऱ्या तारेवाटे हीटरच्या आतील कॉइलवर १२० व्होल्ट उभेच असतात. चार तारांचा थर्मोस्टॅट ‘बंद’वर नेला की दोन्ही तारा तोडतो. शक्य तिथे चार तारांचाच घ्यावा. मात्र कोणताही असला, तरी थर्मोस्टॅट बंद करून हीटर उघडू नये. पॅनेलमधला त्या सर्किटचा दोन खांबी (दोन्ही जिवंत तारा एकदम तोडणारा) ब्रेकर पाडावा, त्यावर चिठ्ठी लावावी आणि मग मल्टिमीटरने तपासावे. तपासण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे: मीटर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून तो दाखवतो आहे याची खात्री करावी, नंतर बंद केलेल्या तारांवर लावावा (दोन तारांमध्ये, तसेच प्रत्येक तार आणि अर्थ यांमध्येही), आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर लावून मीटर मधल्या वेळात बिघडला नाही ना, हे पाहावे. आपल्या खिशातला निऑनचा टेस्टर या कामाला पुरत नाही. पॅनेलचे झाकण मात्र उघडूच नये, कारण मुख्य ब्रेकर पाडला तरी बाहेरून येणाऱ्या जाड तारांची टोके तिथे जिवंतच राहतात.

आता तिसऱ्या हीटरचा हिशेब. २००० आणि १५०० मिळून ३५०० वॉट. त्याला २४० ने भागले की साडेचौदा अँपिअरच्या थोडे वर येते. थंडीत हीटर तासन्‌तास चालत राहतो, म्हणून तिथली विद्युत नियमावली खोली तापवण्याच्या कायम बसवलेल्या हीटरचा भार ‘सततचा’ धरते आणि त्याच्या सव्वापट क्षमतेची तार व ब्रेकर मागते. उलट बाजूने सांगायचे तर २० अँपिअरच्या सर्किटवर १६ अँपिअरपर्यंतच, म्हणजे ३८४० वॉटपर्यंतच हीटर लावता येतात. आज आपण ३५०० वर आहात. आणखी १००० मिळवले की ४५०० होतात आणि प्रवाह पावणेएकोणीस अँपिअरवर जातो. गंमत अशी, की एवढ्याने ब्रेकर पडणार नाही. पावणेएकोणीस हे विसापेक्षा कमीच आहेत. हीटर चालेल, खोली तापेल, काम फत्ते झाले असे सगळ्यांना वाटेल, आणि भिंतीआडची प्रत्येक जोडणी मात्र रात्रभर गरम राहील. जोडणीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे साडेचौदाचे पावणेएकोणीस झाले की त्याच जोडणीत दीडपटीहून जास्त उष्णता निर्माण होते. तिसऱ्या हीटरला पॅनेलपासून स्वतंत्र सर्किट हवे, हेच याचे उत्तर आहे.

अशी तापलेली जोडणी कशी दिसते, ते मी परळच्या एका जुन्या इमारतीत पाहिले आहे. तिथे हीटरऐवजी गिझर होता, पण दुखणे हेच. सोळा अँपिअरचे सॉकेट बाहेरून फक्त किंचित पिवळट पडले होते. ते काढले तेव्हा मागची तार तळलेल्या कुरडईसारखी कडक होऊन हातातच मोडली, पितळी पट्टी निळसर काळी पडली होती आणि स्क्रू बोटाने फिरत होता. वायर जाडीला योग्य होती, सॉकेटही चांगल्या दर्जाचे होते. फक्त तो स्क्रू एका फेऱ्याने ढिला राहिला होता, आणि घरच्यांना महिनाभर ‘कुठून तरी मासळीसारखा वास’ येत होता.

हीटर बदलताना एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. बेसबोर्ड हीटरच्या दोन्ही टोकांना जोडणीचे कप्पे असतात आणि पुष्कळशा हीटरमध्ये प्रत्येक कप्प्यात कारखान्यातूनच दोन तारा एकमेकींना जोडून त्यावर टोपी पिळलेली असते. ज्या टोकाने वीज आणायची, त्या टोकाचीच ती जोडणी सोडवून एकेका तारेला एकेक जिवंत तार द्यायची असते. दुसऱ्या टोकाची तशीच ठेवायची असते. ती न सोडवता दोन्ही तारा तिथेच जोडल्या, तर ते सरळ शॉर्टसर्किट होते. जोडणी पिळून काळी टेप गुंडाळण्याची आपल्याकडची पद्धत तिथे चालत नाही. योग्य मापाची टोपी, केबलला पकडणारा क्लॅम्प आणि उघडता येणारे झाकण हवे. उघड्या तांब्याची तार हिरव्या स्क्रूला जोडायला विसरू नये. हीटर सॉकेटच्या खाली बसवू नये, कारण वरून लोंबणारी वायर त्यावर टेकते. पडदा आणि पलंग दूर ठेवावेत. घर १९६५ ते १९७३ या काळातले असेल, तर वायरिंग ॲल्युमिनियमचे असू शकते; तसे दिसल्यास कोणतीही जोडणी न सोडवता काम थांबवावे.

राहिला आपण हे काम करावे का, हा प्रश्न. नव्या सर्किटसाठी तिथल्या गावच्या बांधकाम कार्यालयाचा परवाना आणि काम झाल्यावर तपासनीसाची पाहणी लागते. स्वतःच्या राहत्या घरात काम करण्याची सवलत असली तरी ती घरमालकाला असते, पाहुण्या आलेल्या वडिलांना नसते. माझे मत विचाराल, तर वीज जोडण्याचे काम परवानाधारक कारागिराला द्यावे आणि आपण त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसावे. आपल्याइतके जाणते लक्ष असले की कोणताही कारागीर स्क्रू एक फेरा जास्तच आवळतो.

प्रश्न : आमची इमारत जुनी असून वायरिंगमध्ये अर्थची तार नाही. मोरीतल्या गिझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येत. वायरमनने सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थच्या पिना छोट्या तारेने जोडून दिल्या आणि ‘आता अर्थिंग झाले’ असे सांगितले. झिणझिण्या खरोखरच थांबल्या. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : नाही, आणि हा अंक हातात असतानाच गिझरचा स्विच बंद करून पिन काढून ठेवावी. झिणझिण्या थांबल्या, कारण गिझरच्या पत्र्यावर येणारी गळती आता न्यूट्रलमधून परत जाते. परंतु बोर्डापासून मीटरपर्यंत न्यूट्रल कुठेही तुटली किंवा ढिली झाली, तर फेजमधून कॉइलमध्ये आलेली वीज परतीची वाट न सापडल्याने त्या छोट्या तारेतून गिझरच्या अंगावर येते. म्हणजे गिझर पूर्ण २३० व्होल्टवर जातो. ज्याने झिणझिण्या थांबल्या, तीच तार त्या दिवशी प्राणघातक ठरेल. जुन्या इमारतींतल्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये न्यूट्रललाही फ्यूज घातलेला आढळतो. तो आधी उडाला की नेमके हेच घडते. शिवाय अशा जोडणीमुळे आर.सी.सी.बी. (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हाही आंधळा होतो. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची तुलना करतो. गळती न्यूट्रलमधूनच परत आली, तर त्याला फरक दिसतच नाही.

ती तार काढून टाकावी. नळाच्या पाइपलाही अर्थ जोडू नये, कारण वरच्या मजल्याने लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचा टाकला की तो अर्थ संपला आणि आपल्याला कळणारही नाही. कायमचा उपाय एकट्याच्या हातचा नाही: इमारतीने मीटरपाशी अर्थ पिट (अर्थिंगसाठी जमिनीत केलेला खड्डा) करून प्रत्येक मजल्यावर हिरवी तार चढवली पाहिजे, आणि त्यासाठी चाळ समितीच्या बैठकीत आवाज उठवावा लागेल. तोवर आपल्या घराच्या मुख्य स्विचनंतर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. परवानाधारक वायरमनकडून लगेच बसवून घ्यावा. अर्थ नसला तरी माणसाच्या शरीरातून वीज जमिनीकडे जाऊ लागताच तो पडतो. त्यावरचे ‘टेस्ट’चे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. एम.सी.बी. (भार वाढला की पडणारा ब्रेकर) आहे ना, असे कुणी म्हणेल; पण एम.सी.बी. वायरला जळण्यापासून वाचवतो, माणसाला धक्क्यापासून वाचवत नाही.

२००० वॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअर घेतो, त्याला वायरमनांच्या भाषेत ‘अडीचची’ (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर चालते. वायर नव्यानेच ओढणार असाल, तर ‘चारची’ ओढावी. स्विच मोरीच्या बाहेर आणि फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा. एकच तार तोडणारा स्विच बसवला आणि पूर्वी कुणी तारांची अदलाबदल केलेली असली, तर गिझर ‘बंद’ असतानाही त्याची कॉइल जिवंत असते. अर्थ होईपर्यंत पाणी आधी तापवून घ्यावे, स्विच बंद करावा आणि मगच आंघोळीला जावे.

प्रश्न : महाबळेश्वरच्या आमच्या घरासाठी नातेवाइकांनी अमेरिकेहून १२० व्होल्टचा, १५०० वॉटचा हीटर आणला आहे. पिनेला अडाप्टर लावून तो वापरता येईल का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : अडाप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. व्होल्टेज जवळपास दुप्पट झाले की हीटरची शक्ती चौपटीच्या जवळ जाते. हा हीटर २३० वर साडेपाच हजार वॉट आणि २४ अँपिअर घेऊ पाहील, आणि कॉइल जळेपर्यंत जे काही मिनिटे वा क्षण मिळतील, तेवढ्यात तो सॉकेटला, चटईला किंवा पडद्याला आग लावू शकेल. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवता येते, परंतु १५०० वॉटचा भार तासन्‌तास पेलणारा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग असतो, त्यापेक्षा आय.एस.आय. चिन्ह असलेला इथला हीटर घेऊन त्याला सोळा अँपिअरचे अर्थ असलेले सॉकेट द्यावे. आणलेला हीटर परत जाणाऱ्या कुणाबरोबर पाठवता आला तर पाठवावा. भंगारात देणार असाल, तर आधी त्याची वायर मुळाशी कापून टाकावी, म्हणजे पुढे कुणी त्याला अडाप्टर लावणार नाही.